टेबलाजवळची हिंदी

माझे बाबा जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, एकोणचाळीस वर्षं. सगळे त्यांना कंपाउंडरच म्हणत आणि मला ‘कंपाउंडरची’. पुढे ‘मुलगी’ म्हणायचे कष्टही कोणी घेत नसे. घरी ते फार कमी बोलत. कमी म्हणजे किती, तर ‘हं’, ‘ठेव’, ‘दिवा बंद कर’ आणि ‘चप्पल नीट काढ’ एवढ्यात त्यांचा आठवडा निघे. हे सगळं मराठीत. दवाखान्यात मात्र तेच बाबा कुत्र्यामांजरांशी हिंदीत बोलत, आणि असं काही बोलत की ऐकणाऱ्याचा ऊर भरून यावा. माझा तर जळफळाट व्हायचा.

आई हातमोज्यांच्या कारखान्यात कामाला होती. ती घरी येईपर्यंत, शाळा सुटली की मला दवाखान्यातच बसावं लागे. तिथल्या खिडकीच्या खालच्या काचांना पांढरा रंग फासलेला होता, त्यामुळे दुपारचं ऊन आत यायचं ते दूध सांडल्यासारखं. एक लाकडी बाक, कोपऱ्यात वजनाचा काटा, मधोमध स्टीलचं टेबल, सगळीकडे स्पिरिटचा वास. भिंतीवर खिळ्याला एक चामड्याचं मुसकं टांगलेलं होतं आणि त्यावर बोटभर धूळ. चावऱ्या कुत्र्यांच्या तोंडाला बांधायला ते ठेवलेलं, पण बाबांनी ते कधी खाली काढलं नाही. “बांधायचं नाही, बोलायचं,” हा त्यांचा नियम. डॉक्टरीणबाई सुई भरून ताटकळत उभ्या राहायच्या, घड्याळ बघायच्या, तोंड वाकडं करायच्या, पण शेवटी त्याही थांबायच्या.

बाबांची पद्धत ठरलेली होती. आधी बुटक्या स्टुलावर बसायचं, म्हणजे आपलं तोंड जनावराच्या तोंडाच्या खाली येतं. मग एक लांब श्वास सोडायचा. हात वरून डोक्याकडे न्यायचा नाही, खालून हनुवटीला लावायचा. आणि मग कानाशी सुरू: “आ जा, राजा. डरना नहीं. मैं इधर ही बैठा हूँ, कहीं नहीं जा रहा. कौन है मेरा शेर? कौन है मेरा सोना बच्चा?” बँकेच्या मॅनेजरांचा कुत्रा म्हणजे अख्ख्या रस्त्याला धाक. तोसुद्धा हे ऐकता ऐकता मान टाकायचा आणि डोळे अर्धे मिटायचा. सुई कधी गेली ते त्याला कळायचंही नाही.

मलाही झोप यायची. बाकावर दप्तराची उशी करून मी पडायचे आणि त्या आवाजात तरंगायला लागायचे. आवाज टेबलापासून निघून पांढऱ्या काचेपर्यंत जायचा, तिथून माझ्या कानाशी यायचा, आणि मधेच कुठेतरी माझे पाय जमिनीवर आहेत हेच मला आठवायचं नाही. डोळे मिटलेले असले की बाबा कोणाशी बोलताहेत ते दिसत नसे. मग ते माझ्याशीच बोलताहेत असं धरून चालता येई. “मेरी रानी, बस, हो गया, थोड़ा सा बाकी है.” समोर कुणाची तरी मांजर असायची, पण ते मी बघायचे नाही.

एकदा मी विचारलं, “बाबा, तुम्ही त्यांच्याशी हिंदीत का बोलता?”

“त्यांना हिंदीच कळते.”

“शेजारच्या बोक्याला मराठी कळते की. आई ओरडली की पळून जातो.”

“ओरडलेलं कळतं,” बाबा म्हणाले. “ओरडायला मराठी चालते.”

त्यांनी चेष्टा केली असं मला वाटलं. बाबांनी कधी चेष्टा केली नव्हती, हे माझ्या लक्षातच आलं नाही. ते जनावरांचं काम शिकले ते तबेल्यात, घोडे सांभाळणाऱ्या एका म्हाताऱ्या मोतद्दाराच्या हाताखाली. तो घोड्यांशी हिंदीत बोलायचा. बाबांच्या लहानपणच्या घरात मात्र मराठीत फक्त हुकूम सुटायचे. मायेचे शब्द त्यांच्या कानावर पहिल्यांदा पडले ते तिथे, हिंदीतून, आणि तेही घोड्यासाठी. बाबांनी ते होते तसे उचलले. हे मला आईकडून कळलं, पण फार उशिरा.

आईचा मात्र स्वभाव खट्याळ. “तुझ्या बाबांची माया दवाखान्यात वाटून संपते, घरी रिकामा डबा येतो,” असं ती त्यांच्यासमोरच म्हणायची. “पुढच्या जन्मी मी मांजर होणार आहे, सांगून ठेवते.” बाबांचे कान लाल व्हायचे. कधी ती अगदीच लाडात आली तर म्हणायची, “अहो, एकदा म्हणा ना, ते कुत्र्यांना म्हणता ते.” त्यावर बाबा उठून नळ नीट बंद आहे का ते बघायला जायचे. आमच्या घरातला नळ कधी गळला नाही, त्याचं कारण हे.

मी नऊ वर्षांची असताना एका दुपारी दवाखान्यात कोणीच नव्हतं. डॉक्टरीणबाई जेवायला गेल्या होत्या आणि बाबा मागे सुया उकळत होते. मी स्टुलावरून टेबलावर चढले. चप्पल नीट काढून ठेवली, आठवणीनं. टेबल पाठीला गार लागत होतं. मी कुशीवर वळून पाय पोटाशी घेतले, मांजर घेतं तसे, आणि डोळे मिटून वाट बघत राहिले. बाबांची पावलं आली, स्टुलाशी थांबली. खूप वेळ थांबली, किंवा मला तसं वाटलं. त्यांचा लांब श्वास मी ऐकला, शपथेवर सांगते. आता हनुवटीखाली हात येणार, म्हणून मी मान जरा वर केली.

“ऊठ,” बाबा म्हणाले. “टेबल पुसायचंय.”

मी उठले. त्यांनी टेबल पुसलं. घरी येताना आम्ही दोघं नेहमीसारखेच चाललो, ते पुढे आणि मी चार पावलं मागे. मी काही रडले बिडले नाही. पण त्या दिवसापासून बाकावर झोपणं सोडलं. दप्तर उघडून गणितं करत बसायचे, आणि त्यांचा आवाज सुरू झाला की मोठ्यानं पाढे म्हणायचे.

पुढे मी चष्म्याच्या दुकानात काचा घासायला लागले. कामाला चोख, बोलायला खडूस. मी बाबांवरच गेले आहे, हवं तर माझ्या नवऱ्याला विचारा. बाबा निवृत्त झाले, त्यांच्या जागी नवा माणूस आला आणि म्हणे पहिल्याच आठवड्यात मुसक्यावरची धूळ झटकली गेली. हे ऐकून बाबा दोन दिवस जेवले नाहीत. कारण विचारलं तर ‘हं’.

एकाहत्तराव्या वर्षी त्यांच्या पित्ताशयातले खडे काढायची वेळ आली. सकाळी ऑपरेशन झालं, नीट झालं. दुपारी त्यांना खाटेवर आणून ठेवलं आणि आईला मी जरा घरी पाठवलं. भूल उतरायला लागली तसे बाबा बिथरले. डोळे उघडे, पण ते खोलीत नव्हतेच. कुठल्या अंधाऱ्या गल्लीत शिरले होते कोण जाणे. हात सारखा पोटाच्या नळीकडे जात होता. सलाइनची सुई एकदा उपटून झाली होती.

सिस्टर धावत आल्या. “ताई, नळी ओढली तर यांना परत आत न्यावं लागेल. पोट पुन्हा उघडायला लागेल. या वयात झेपायचं नाही.” त्यांच्या हातात बँडेजची पट्टी होती. “हात बांधते. थोडा वेळच.”

माझ्या डोळ्यांसमोर ते धुळीचं मुसकं आलं. “नको,” मी म्हटलं. “बांधायचं नाही.”

“मग काय करायचं?”

“पाच मिनिटं द्या मला.”

मी त्यांचे दोन्ही हात धरले. “बाबा, असं करू नका. हात खाली ठेवा. नळी ओढू नका, बाबा!” ते जास्तच झटापट करायला लागले. करणारच. आमच्या घरात त्या सुरातली मराठी म्हणजे रागावणं, त्यांनाही तेवढंच माहीत आणि मलाही. सिस्टर पट्टी उलगडायला लागल्या.

तेव्हा मी स्टूल ओढलं आणि खाली बसले. माझं तोंड त्यांच्या तोंडाच्या खाली आलं. एक लांब श्वास सोडला. खिडकीला पांढरा पडदा होता आणि त्यातून तेच सांडलेलं दुधाळ ऊन आत येत होतं. स्पिरिटचा वासही तोच. क्षणभर मला कळेना, बाकावर कोण आहे आणि टेबलावर कोण. मी हात त्यांच्या कपाळाकडे नेला. शब्द पाठ होते, पण तोंडातून कधी काढले नव्हते. मी चाळीस वर्षांची बाई, लाज वाटत होती, सिस्टरांची आणि सगळ्यांचीच.

“आ जा, राजा,” मी म्हटलं. “डरना नहीं. मैं इधर ही बैठी हूँ. कहीं नहीं जा रही.”

बाबांचा हात थांबला.

“कौन है मेरा शेर? कौन है मेरा सोना बच्चा? बस, हो गया, थोड़ा सा बाकी है.” मी बोलत राहिले. एका पाठोपाठ एक सगळं येत गेलं. पाढे म्हणून म्हणून मी जे झाकलं होतं, त्यातलं अक्षरही हरवलं नव्हतं. बाबांची मान हळूहळू माझ्याकडे कलली. डोळे अर्धे मिटले. हात चादरीवर पडला, मोकळा. सिस्टरांनी पट्टी गुंडाळून खिशात घातली आणि नवी सुई लावली. ती कधी गेली ते बाबांना कळलं नाही. मी मात्र बोलायची थांबले नाही. ऊन पडद्यावरून भिंतीवर गेलं, तरी नाही.

संध्याकाळी त्यांनी डोळे उघडले ते खरे, खोलीतले. माझ्याकडे बघत राहिले.

“चुकतंय तुझं,” बाबा म्हणाले. आवाज खरखरीत.

“काय चुकतंय?”

“हात वरून आणलास. जनावर घाबरतं. आणि घाई फार करतेस. राजा म्हटलं की थांबायचं. त्याला ऐकू दे.” ते दमले. जरा वेळानं म्हणाले, “इकडे ये. बघ.”

मी पुढे वाकले. त्यांनी सुईचा हात सावकाश उचलला आणि खालून माझ्या हनुवटीला लावला. बोटं गार होती. एक लांब श्वास सोडला.

“मेरी रानी,” ते म्हणाले, आणि थांबले. बरोबर तेवढंच थांबले, जेवढं ऐकू यायला लागतं. “मेरी बच्ची. डरना नहीं. मैं इधर ही हूँ.”

बाबांनी हात काढला नाही.

“टेबलावर झोपली होतीस ना,” ते मराठीत म्हणाले, “तेव्हाच म्हणायचं होतं. शब्द आले होते अगदी ओठांवर.” त्यांनी छताकडे बघितलं. “मग टेबल पुसलं.”

दाराशी खुट्ट झालं. आई उभी होती, हातात थर्मास. कधीपासून उभी होती देव जाणे. डोळे पुसायच्या भानगडीत ती पडली नाही. थर्मास खाली ठेवला, मला कोपरानं बाजूला सारलं, स्टुलावर बसली आणि बाबांसमोर हनुवटी पुढे केली.