भिंतीवरची रेघ

आमच्या जिन्याच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला एक मळकट रेघ उमटते. माझी धाकटी बहीण सुमा स्वमग्न आहे. पस्तिशी उलटली तरी जिना चढताना तिचा तळवा भिंतीवरून सरकत असतो. दर गणपतीआधी भिंत रंगवायची आणि सुमाला बोलायचं, हे आमच्या घरात ठरलेलंच.

यंदा रंग ओला असतानाच तिला वर जायचं होतं. मी तिला बजावलं, "आज भिंतीला हात लावायचा नाही." अर्ध्या तासानं पाहिलं तर ती पहिल्याच पायरीवर उभी, घामानं डबडबलेली.

"अगं, चढ ना."

"जिना हलायचा थांबला की चढते."

"जिना कुठे हलतोय?"

तिनं माझ्याकडे नवलानं पाहिलं. "ताई, तुझा हलत नाही?"

ज्या जमिनीचा मी आयुष्यात कधी विचारही केला नाही, ती हिच्या पायाखाली सतत डोलत होती, आणि सगळ्यांचीच डोलते असं ती धरून चालली होती. आम्ही मात्र डाग मोजत बसलो.

"नाही गं," मी कशीबशी म्हणाले.

ती पायऱ्यांकडे बघत म्हणाली, "मला वाटायचं, तुम्ही सगळे खूप धीट आहात."

मी तिचा हात धरला आणि ओल्या रंगावर टेकवला.