शाळेसाठी निघालेलं सामान

आमच्या गावच्या शाळेच्या भिंतीवर देणगीदार म्हणून माझं नाव रंगवलेलं आहे, आणि मी त्या शाळेला आजवर स्वतःहून काहीही दिलेलं नाही.

गाव लाखांदूर तालुक्यातलं. एका अंगाला तलाव, बाकी सगळीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि मधोमध जिल्हा परिषदेची शाळा. मी तिथे मोटारपंप दुरुस्त करायचो आणि फावल्या वेळात शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष होतो. अध्यक्ष कसा झालो? निवडीच्या सभेत मी सगळ्यांसाठी चहा सांगायला बाहेर गेलो. परत आलो तर टाळ्या! (तेव्हापासून सभेत कितीही तहान लागली तरी मी उठत नाही.)

उन्हाळा संपत आला की मी घरोघर फिरायचो आणि लोकांना सांगायचो, 'पोरं गावच्याच शाळेत टाका.' उरलेलं वर्षभर बोरकर सरांना, म्हणजे आमच्या हेडमास्तरांना, धीर द्यायचो. सर प्रत्येक सभेत म्हणायचे, "अध्यक्षसाहेब, एक टीव्ही पाहिजे. एक आलमारी पाहिजे. लोकसहभागातून काही जमते का पाहा ना." लोकसहभाग म्हणजे गावकऱ्यांनी आपल्या खिशातून किंवा घरातून शाळेला द्यायचं. हा शब्द निघाला की सभेतले सगळे जण छताकडे बघू लागायचे. मी अध्यक्ष असल्यामुळे मला छताकडे बघता येत नसे. मी म्हणायचो, "पाहू सर, पाहू."

अशा अध्यक्षाच्या स्वयंपाकघरात बंड झालं. माझी बायको रंजना भात वाढता वाढता म्हणाली, "तनूले भंडाऱ्याच्या इंग्रजी शाळेत टाकू."

तनू आमची एकुलती एक, तिसरीत जाणारी.

"काहून? इथं काय वाईट हाये?"

"वाईट काई नाई. पण नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टर इंग्रजीत बोलला का मी नुसती मान हालवते. तो औषध सांगते का मरण सांगते, समजत नाई. पोरीचं तसं नाई व्हावं."

त्या दवाखान्यात तिच्या बाजूला बसून मीही मानच हलवत होतो; आताही तेच केलं.

मग आम्ही भंडाऱ्याला शाळा पाहायला गेलो. घर नंतर, जिथे शाळा, तिथेच बिऱ्हाड, असं रंजनाचं ठरलेलं. पहिल्या शाळेला मैदान होतं, पण मास्तर मराठीत ओरडत होते. रंजनानं नाक मुरडलं. दुसरीत इंग्रजी भरपूर, पण शाळा एका बँकेच्या वरच्या मजल्यावर. तिसऱ्या शाळेत दारातल्या मॅडम भर दुपारी दोन वाजता आम्हाला 'गुड मॉर्निंग' म्हणाल्या आणि रंजना विरघळली. "पाहा, किती शिस्त हाये!" (मी घड्याळ बघितलं, पण बोललो नाही. संसार टिकवायचा असतो.)

मग घर. मी प्रत्येक घरमालकाला विचारायचो, "नळाले पाणी किती वेळ येते?" रंजना विचारायची, "शाळेची घंटी आयकू येते का?" एक मालक वैतागून म्हणाले, "बाई, इतकी आयकू येते का दुपारी झोपता येत नाई!" रंजनानं तिथल्या तिथे ते घर पक्कं केलं. दोन खोल्या, आणि खिडकी उघडली की हातभर अंतरावर शाळेची भिंत. मी खिडकीतून मान बाहेर काढून पाहिली. आकाश दिसायला मान मोडावी लागत होती.

आता राहिलं गावाला सांगणं. दारोदार फिरून 'गावची शाळा सोडू नका' म्हणणारा माणूस मीच. कोणत्या तोंडानं सांगू? रंजना रोज म्हणायची, "सांगून टाका ना एकदाचं!" मी म्हणायचो, "आज सांगतो." संध्याकाळी तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, चारचौघांत बसायचो. पाण्यावर बगळे उतरायचे, कुणीतरी तंबाखू पुढे करायचं, शेजारच्या गिरजाकाकू जाता जाता विचारायच्या, "काय गा सुधाकर, जेवला का?" आणि सांगायचं सोडून मी नुसतं 'हो काकू' म्हणायचो. वर्षानुवर्षं रोज विचारलेला तो प्रश्न त्या दिवसांत मला फार गोड लागायचा. त्यात शेवटच्या सभेत बोरकर सरांनी पुन्हा टीव्ही काढला, तेव्हा मनातल्या चोरापायी मी भलतंच बोलून बसलो, "यंदा प्रवेशोत्सवाले काहीतरी करतोच सर!"

प्रवेशोत्सव म्हणजे शाळा उघडण्याचा दिवस. नव्या पोरांना सजवलेल्या बैलबंडीत बसवून, डफऱ्या वाजवत गावातून मिरवत शाळेत न्यायचं. मिरवणूक आठला. म्हणून मी ठरवलं, सहालाच सामान घेऊन पसार व्हायचं, भंडाऱ्याला पोचल्यावर फोन करून सगळं सांगायचं. फोनवर माणसाला तोंड लागत नाही.

पवनीहून मालवाहू गाडी सांगितली होती, ज्याला सगळे छोटा हत्ती म्हणतात तो. सहाचा हत्ती पावणेआठला आला! आणि आला तो कसा? बोनेटवर झेंडूच्या माळा, दोन्ही बाजूंना केळीची पानं, आरशाला रंगीत रिबिनी.

"अरे बाबू, हे काय?"

"काल वरातीत होती गाडी. फुलं काढाले टाइमच नाई भेटला."

काढायला आम्हालाही वेळ नव्हता. टीव्ही, रंजनाच्या माहेरची लोखंडी आलमारी, उभा पंखा, टेबल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, गाद्या, सिलिंडर, कुंडीतली तुळस, सगळं भराभर चढवलं. रंजना आणि तनू पुढे बसल्या, मी मागे सामानावर. गाडी कोपऱ्यावर वळली आणि समोरून डफऱ्यांचा आवाज आला.

अख्खं गाव रस्त्यावर होतं. फक्त बैलबंडी नव्हती. रात्री पाऊस पडून गेला होता, आणि असा पाऊस पडल्यावर बैल परे टाकायच्या, म्हणजे धानाची रोपं करायच्या, बांधीत जातात, मिरवणुकीत नाही. नवी पोरं टोप्या घालून चिखलात उभी होती, बोरकर सर घामाघूम होऊन चौफेर बघत होते. अशा वेळी झेंडूच्या माळा ल्यालेली गाडी त्यांच्यासमोर येऊन थांबली, आणि तिच्यावर टीव्ही, आलमारी आणि अध्यक्ष!

सरांचा चेहरा असा उजळला की मला पाठीमागे दुसरं कुणी आलं की काय असं वाटलं.

"अध्यक्षसाहेब!" सर कर्ण्यातूनच ओरडले. "म्हटलं होतं, आणि करून दाखवलं!"

डफऱ्या दुप्पट जोरात वाजू लागल्या. मी तोंड उघडलं, तेवढ्यात गिरजाकाकूंनी आपली नात उचलून माझ्या मांडीवर ठेवली. "धर गा, पडन!" मग दुसरं पोर आलं, तिसरं आलं. कुणी गादीवर, कुणी टेबलावर, एक तर आलमारीला मिठी मारून उभं. मला उतरायलाही जागा उरली नाही. पुढच्या खिडकीतून रंजनानं मान बाहेर काढली.

"बोला ना! बोला लवकर!"

"बोलतो, बोलतो," मी म्हणालो. पण डफऱ्यांपुढे माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

अशी आमच्या संसाराची वरात शाळेत पोचली. पोरांना उतरवलं, आणि पोरांच्या मागोमाग गावातले चार दणकट गडी टीव्हीही उतरवू लागले! मी "हळू, हळू" म्हणालो. ('नको' म्हणायचं होतं; तोंडातून 'हळू' आलं.) टीव्ही गेला. पंखा गेला. खुर्च्या गेल्या. आलमारी निघाली तेव्हा रंजना खाली उडी मारून धावली.

"अहो, माह्या माहेरची आलमारी हाये थे!"

"ऐका, ऐका!" सर गहिवरून कर्ण्यात म्हणाले, "वहिनींनी माहेरची आलमारीसुद्धा शाळेला दिली!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाया पुढे आल्या, त्यांनी रंजनाला कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला. आता कुंकू लावणाऱ्या बाईला 'माझी आलमारी परत कर' कसं म्हणायचं? रंजना हसली. ते हसू मला अजून स्वप्नात दिसतं. मग पोषण आहार शिजवणाऱ्या बाईंची नजर गाडीतल्या सिलिंडरकडे वळली. रंजना ओटीतल्या नारळासकट गाडीवर चढली आणि सिलिंडरवर जाऊन बसली, ती शेवटपर्यंत उठली नाही.

सरांनी कर्णा माझ्या हातात दिला. म्हटलं, आता बोलायचंच. "मले सांगायचं हाये का..." मी सुरुवात केली. सगळे गप्प झाले. समोर पोरं टीव्हीच्या काचेत आपली तोंडं बघून खिदळत होती. गिरजाकाकू पदरानं डोळे पुसत होत्या. बोरकर सर, ज्यांना मी इतकी वर्षं नुसतं 'पाहू' म्हणत आलो होतो, ते हात जोडून उभे होते.

"...का मले लई आनंद झाला," मी म्हणालो आणि कर्णा परत केला.

कार्यक्रम संपल्यावर गाडीत उरल्या गाद्या, भांडी, तुळस आणि सिलिंडरवर रंजना. काकू जवळ आल्या.

"एवढं सारं देल्लं, मंग आता हे घेऊन कुठं चालला?"

आता डफऱ्या नव्हत्या. "भंडाऱ्याले, काकू. राहाले. तनूले तिकडच्या शाळेत टाकलं."

मला वाटलं, आता शिव्या पडणार, आणि खरं सांगतो, पडल्या असत्या तर बरं झालं असतं. काकू घरी गेल्या आणि चिन्नोर तांदळाची थैली घेऊन आल्या. थैली तनूच्या मांडीवर ठेवली. "तिकडचा भात गोड नाई लागत," म्हणाल्या, आणि तिच्या गालावरून हात फिरवून मागे वळल्या. गाडी तलावाच्या पाळीवरून गेली तेव्हा तनू मागे वळून बघत होती. मी मुद्दाम पुढे बघत होतो.

भंडाऱ्यात आम्ही टीव्हीशिवाय, आलमारीशिवाय राहू लागलो. कपडे खोक्यात. उकडतंय म्हणून खिडकी उघडली की वाऱ्याऐवजी शाळेची घंटा आत यायची. तनू घंटा वाजल्यावर अंथरुणातून उठायची, कारण शाळा इतकी जवळ! तिच्या टायची गाठ घरात कुणालाच येत नव्हती. मी मोटारीची तार गुंडाळतो तशी गुंडाळायचो, संध्याकाळी ती पकडीनं सोडवावी लागे. पण पोरगी फडाफड इंग्रजी बोलायला शिकली. परवा दवाखान्यात तिनं डॉक्टरचं बोलणं आम्हाला मराठीत सांगितलं, तेव्हा रंजनानं माझ्याकडे अशी मान ताठ करून पाहिलं की आलमारी वसूल झाली.

तरी संध्याकाळ झाली की करमत नाही. शेजारी चांगले आहेत, पण दार लावून जेवतात. जेवलो का, हे कुणी विचारत नाही. एकदा मीच समोरच्यांना विचारलं, तर त्यांना वाटलं माझ्या घरी स्वयंपाक नाही, आणि त्यांनी पोळी-भाजी पाठवली! जी रंजना हट्टानं इथे आली, तीच पावसाच्या दिवसांत भाकरी थापता थापता थांबते. "तलाव भरला असन का वो आता?" मी म्हणतो, "असन." मग ती पुन्हा भाकरी थापू लागते. काकूंचा तांदूळ तिनं सणासुदीला पुरवून पुरवून वापरला. रिकामी थैली अजून खुंटीला आहे. टाकू देत नाही.

दिवाळीनंतर गावच्या मंडईला गेलो. मंडई म्हणजे आमच्याकडची जत्रा. कुठेही असला तरी माणूस त्या दिवशी गावात येतोच. तनू आधी शाळेत पळाली. आमच्या टीव्हीसमोर गावची पोरं मांडी घालून बसली होती, आमचा पंखा त्यांच्यावर वारा घालत होता, आमच्या आलमारीत गोष्टींची पुस्तकं होती. तनू आलमारीवरून हात फिरवत म्हणाली, "बाबा, आपलं सारं चांगलं सामान या शाळेत हाये. मंग मी काहून नाई?"

मी खोकलो. मागे गिरजाकाकू उभ्या होत्या. "कधी आले गा पाहुणे?" त्यांनी विचारलं. प्रेमानंच विचारलं, पण 'जेवला का' असं नाही विचारलं. नजर चुकवायला भिंतीकडे पाहिलं, तर तिथे देणगीदारांची नावं. सगळ्यात वर माझं, ठळक लाल रंगात. बाकीच्यांच्या नावापुढे गावाचं नाव, आणि माझ्यापुढे: मु. भंडारा.

"काकू," मी म्हणालो, "थे भंडारा पुसाले सांगा ना सरांना."

"पुसू ना! आत्ता पुसू." काकूंनी पदर कमरेला खोचलाही. "कधी येशीन राहाले, सांग."

तनू माझ्याकडे बघत होती. रंजना माझ्याकडे बघत होती. मी छताकडे बघितलं.

"पाहू काकू," मी म्हणालो, "पाहू."

अध्यक्षपद गेलं, पण सवय काही जात नाही!