धुराड्यातून आलेला सासरा

माझं लग्न ठरलं तेव्हा मी मॅट्रिक पास होते. परीक्षेत तेवढी नापास झाले होते.

यात माझा गुन्हा एवढाच, की मी गप्प बसले. बोलणी वडिलांनी केली. वडील कल्याणला शाळेत मराठीचे मास्तर. वर्गात कुणी गृहपाठाबद्दल थाप मारली तर त्याला तासभर बाकावर उभं करणारा माणूस! पण ठाण्याच्या मंडळींनी विचारलं, "मुलगी मॅट्रिक आहे ना?" आणि वडील माझ्याकडे न बघता म्हणाले, "हो, हो. मॅट्रिकच." (माझ्या पाठीवर तीन बहिणी होत्या. तीन मुली उजवायच्या राहिल्या की मास्तरांचं व्याकरणही सैल पडतं.) बाकी सगळ्या विषयांत मला चांगले मार्क होते. पण जो इंग्रजीत गेला तो परीक्षेतच गेला, असा नियम होता. इंग्रज गेले, नियम राहिला!

आमच्या ह्यांना माझ्या मॅट्रिकचा अभिमान माझ्यापेक्षा जास्त. कुणी घरी आलं की पाण्याच्या तांब्याबरोबर ते माझं मॅट्रिक पुढे करायचे. टेंभी नाक्यापासून तळावपाळीपर्यंत कुणाला इंग्रजी तार आली की ती माझ्याकडे यायची. मला अक्षरं लागायची, अर्थ लागायचा नाही. मग मी तार उलटीसुलटी करून मोघम सांगायची, "काळजीचं कारण नाही." शेजारच्या काकूंना असं सांगितलं, त्यांनी निवांत जेवून घेतलं, आणि संध्याकाळी कळलं की त्यांचे थोरले दीर वारले होते! काकू अजूनही म्हणतात, "किती हळुवारपणे सांगितलंस गं!"

अशी तीन वर्षं निभली. चौथ्या वर्षी पुस्तकं आली.

आमचे हे आळीतल्या वाचनालयाचे चिटणीस. एका गिरणीचा गोरा साहेब नोकरी सोडून विलायतेला निघाला आणि जाताना त्याच्या मडमेनं मुलांची चित्रांची चौदा पुस्तकं वाचनालयाला देऊन टाकली. सगळी नाताळची! लगेच कमिटीची बैठक. अध्यक्ष तात्यासाहेब, निवृत्त मामलेदार, पुस्तकांपासून हातभर लांब बसून म्हणाले, "मुलं बाटली म्हणजे?"

"चित्रांनी कुणी बाटत नाही हो," हे म्हणाले. "नाताळच्या सुट्टीत मुलं नुसती उंडारतात. तीन बरी पुस्तकं निवडू आणि वाचून दाखवू, मराठीत."

"इंग्रजीवरून मराठीत वाचणार कोण?"

या प्रश्नाला आमच्या ह्यांनी दिलेलं उत्तर मला घरी जेवताना कळलं.

"अहो, मला नाही जमायचं."

"मॅट्रिकला जमत नाही तर कुणाला जमणार?"

दुसऱ्या दिवशी दुपारी चौदाही पुस्तकं माजघरात मांडून मी निवड करायला बसले. वाचता येत नसलेल्या पुस्तकांतून चांगलं पुस्तक कसं निवडावं, याचे नियम मी त्या दुपारी शोधून काढले. शब्द कमीत कमी हवेत. कुणी गुडघे टेकून प्रार्थना करत असता कामा नये, कारण तात्यासाहेब. आणि ताटात पक्षी नको! पण ही गोरी माणसं नाताळात दुसरं काही खातच नसावीत. सात पुस्तकं तिथेच बाद झाली.

सासूबाई खोकत खोकत येऊन बसल्या. त्यांनी एका पानावर बोट ठेवलं. "हे गं काय? कोंबडं?"

"नाही, सासूबाई. फणस भाजलाय."

"पाय आहेत त्याला."

मी पान उलटलं. पुढच्या पुस्तकात गोठा निघाला, गाई निघाल्या, गवतावर निजलेलं बाळ निघालं. सासूबाईंनी चक्क हात जोडले. "हा तर आपलाच! घे हे." ते घेतलं. दुसरं घेतलं ते एका झाडाचं, त्यात पानापानाला फक्त एक ओळ होती. आणि तिसरं, लाल डगला घातलेल्या पांढऱ्या दाढीच्या म्हाताऱ्याचं. तो पाठीवर पोतं टाकून कौलांवर चढत होता आणि धुराड्यातून आत उतरत होता. आधी मला चोर वाटला. पण चेहरा फार गरीब. म्हटलं, असा भला माणूस दार सोडून धुराड्यातून घरात का शिरत असेल? आणि मला गोष्ट सुचली! (हल्लीच्या बायकांना वाटेल, हिनं सांताक्लॉज पाहिला नव्हता? नव्हता, बाई. आमच्या आळीत तो कधी आलाच नाही.)

कार्यक्रमाला चाळीसेक मुलं आली. मुलांबरोबर आया आल्या, आयांबरोबर सासवा आल्या. तात्यासाहेब खुर्चीत. आमचे हे दारापाशी, चेहऱ्यावर माझं मॅट्रिक घेऊन उभे. गोठ्याची गोष्ट सुरेख झाली. झाडाचीही बरी झाली. मुलं "आणखी! आणखी!" म्हणू लागली, आणि मला चढलं.

लाल डगल्याचं पुस्तक उघडून मी ओळींखालून बोट फिरवत वाचू लागले, "एक होता सासरा. त्याची सून फार खाष्ट. ती त्याला घरात घेत नसे. मग बिचारा हरणांचा टांगा करून यायचा आणि धुराड्यातून आत उतरायचा..."

मुलं खदखदायला लागली. मागच्या रांगेतल्या सासवांनी डोळ्यांना पदर लावले. "असंच असतं गं बाई," एकीनं आपल्या सुनेला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हटलं. पुढच्या पानावर ताटातल्या कसल्याशा काळ्या गोळ्यावर ज्वाळा नाचत होत्या. मी आवाज चढवला, "तर सुनेनं काय करावं? सासऱ्याच्या पानातल्या लाडवाला काडी लावली!"

"बाई, असं नाय लिवलंय."

पहिल्या रांगेत आठ-नऊ वर्षांची एक मुलगी उभी राहिली होती. फिलोमिना. चर्चच्या बाजूला राहायची, कॉन्व्हेंटात जायची.

"बस हं बाळ," मी म्हटलं.

"पण त्याला सून नाय. त्याचं लगीनच नाय झालंय!"

सगळे हसले. तात्यासाहेब हसले नाहीत. जन्मभर कज्जेदलाली पाहिलेला माणूस! ते म्हणाले, "इकडे ये पोरी. वाच पाहू काय लिहिलंय ते." तिनं माझ्या हातातून पुस्तक घेतलं, खडाखडा इंग्रजीत वाचलं, वर प्रत्येक ओळीचं मराठी करून सांगितलं. सून नव्हती. लाडू नव्हता, पेटवून वाढायचा नाताळचा केक होता. टांगा तेवढा होता, पण भाड्याचा नव्हता.

"वहिनी," तात्यासाहेब शांतपणे म्हणाले, "मग आपण काय वाचत होतात?"

मी खरं तेच सांगितलं. "चित्रं."

तेवढ्यात आमचे हे दोन ढांगांत पुढे आले आणि मोठमोठ्यानं हसू लागले. "विनोद! आमच्या हिला विनोदाची भारी हौस! मुलांना हसवायचं म्हणून मुद्दाम!" लोकांना ते पटलं. टाळ्यासुद्धा झाल्या. वाचनालयाच्या वहीत नोंद झाली, 'सौ. वहिनींचे विनोदी वाचन.'

घरात शिरल्याबरोबर ह्यांनी फळीवरची सासूबाईंच्या खोकल्याच्या औषधाची बाटली काढली आणि माझ्यासमोर धरली.

"वाच."

वरती इंग्रजीत छापलेलं होतं. माझ्या डोळ्यांपुढे अक्षरं नाचू लागली. "शेक..." मी म्हटलं.

"पुढे?"

"शेकून घ्यावं."

"अगं बाई!" सासूबाई आतून ओरडल्या. "म्हणून रोज बाटली निखाऱ्याजवळ ठेवून देत होतीस होय? तरी म्हटलं खोकला का जाईना!"

एरवी या गोष्टीवर आम्ही तिघं पोट धरून हसलो असतो. हे हसले नाहीत. बाटली जागेवर ठेवून त्यांनी कल्याणला पत्र लिहायला घेतलं.

रविवारी वडील आले. टोपी काढून मांडीवर ठेवली. ह्यांनी विचारलं, "मास्तर, मुलगी मॅट्रिक आहे म्हणाला होतात?"

वडिलांनी टोपीची घडी सारखी केली. मग म्हणाले, "इंग्रजी सोडून आहे."

"म्हणजे नापास."

"हो," वडील म्हणाले. बाकावर उभं केलेल्या मुलासारखे ते स्वतःच उठून उभे राहिले होते. "चूक माझी आहे. तिला बोलू नका."

आणि मी काय केलं? दारात कपबशी घेऊन उभी होते. म्हणायला हवं होतं, की मीही गप्प बसले होते, दोघांना मिळून बोला. मी म्हटलं, "बाबा, चहा निवतोय." ते चहा न घेता गेले. त्यानंतर त्यांनी आमचा उंबरा ओलांडला नाही. ठाण्याला आले की तळावपाळीवर बसायचे आणि कुणाकरवी तरी निरोप धाडायचे. बहिणींची लग्नं ठरली तशी एकेकीची बातमी मी तिथे, पाण्याकडे बघत, ऐकली.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी फिलोमिनाची आई मार्थाबाई आली. घरी शिवणकाम करायची. मान खाली घालून म्हणाली, "पोरीनं तुमची लाज काढली. मारली मी तिला."

"मारू नका हो. खरं बोलली ती," मी म्हटलं. मग आत कुणी ऐकत नाही ना ते पाहून विचारलं, "तुम्हाला इंग्रजी येतं?"

येत होतं. पोलकं शिवून घ्यायला म्हणून मी जाऊ लागले. मशीन चालवता चालवता ती विचारायची, मी उत्तर द्यायची, चुकलं की ती मशीन थांबवायची. पहिल्या वर्षी मशीन चालण्यापेक्षा थांबायचंच जास्त. पाच वर्षांत माझी सव्वीस पोलकी झाली! सासूबाई म्हणायच्या, "नटवी आहे मेली."

तोवर मॅट्रिक जाऊन एस.एस.सी. आली होती. वडिलांना बरं नाही असं सांगून मी कल्याणला गेले आणि बाहेरून परीक्षेला बसले. इंग्रजीच्या पेपराला वडील तीन तास उन्हात फाटकाबाहेर उभे होते. छत्री होती, ती उघडायचंही त्यांना सुचलं नाही.

मी पास झाले. इंग्रजीतसुद्धा!

त्या आठवड्यात मी वाचनालयात जाऊन ते लाल डगल्याचं पुस्तक काढलं आणि उभ्याउभ्या वाचलं. म्हातारा येतो, पोरांच्या मोज्यांत खेळणी ठेवतो, जातो. बस्स. एवढंच! एवढ्यासाठी माझ्या वडिलांचा चहा निवला. खरं सांगते, माझी गोष्ट बरी होती.

वडिलांचं कार्ड आलं. तीन ओळींचं, शुद्धलेखनाची एकही चूक नसलेलं. 'चि. सौ. हिस अनेक आशीर्वाद. मी खोटे बोललो नव्हतो. आठ वर्षे आधी बोललो होतो, एवढेच.'

मी ते कार्ड आणि मार्कांचा कागद घेऊन ह्यांच्यासमोर उभी राहिले. ह्यांनी दोन्ही वाचलं. पुन्हा वाचलं. डोळे भरून आले की काय, असं मला क्षणभर वाटलं. मग ते उठले आणि दाराला कडी घातली.

"कुणाला बोलली नाहीस ना?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"नाही. का हो?"

"अगं, लोक विचारतील ना, मॅट्रिक झालेली बाई एस.एस.सी.ला कशाला बसली म्हणून!"

तो कागद अजून ट्रंकेच्या तळाशी आहे. नापास होते तोवर अख्खं ठाणं मला मॅट्रिक म्हणून मान देत होतं. पास झाले, आणि सांगायची चोरी झाली!