मनियारणीनं भरलेला चुडा

आमचं घर मनियारांचं. जुन्नरच्या बाजारात मी आजही बांगड्यांच्या दुकानात बसते. माझे पणजोबा मात्र तट्टावर माल लादून मढच्या अंगानं डोंगरातल्या वाड्या फिरायचे. शंभरेक वर्षांपूर्वी तिकडं एका दरोडेखोराची टोळी होती. त्याचं नाव आमच्या घरात कुणी घेत नाही, मीही घेणार नाही. त्यानं पणजोबांना घाटवाटेवर अडवलं. तट्टू, माल, सगळं काढून घेतलं आणि वर कुऱ्हाडीच्या दांड्यानं जीवही घेतला, कारण पणजोबांनी त्याला ओळखलं होतं.

पणजी तेव्हा तरुण होती. विधवेनं घरात काढायची इद्दत संपली तशी ती डोक्यावर पाटी घेऊन त्याच वाटेनं निघाली. लोकांना वाटलं, पोटासाठी. पुढं तिनं माझ्या अब्बांना सांगितलं, "पोट जुन्नरातबी भरलं असतं. मला तो पायजे व्हता."

बांगड्या भरताना बायका बोलत राहतात. पणजी ऐकायची, विचारायची काहीच नाही. अशी कित्येक वर्षं गेली. मग एका वाडीत एका बाईच्या हातात तिला लाखेच्या जुन्या बांगड्या दिसल्या. तसली नक्षी फक्त पणजोबा काढायचे.

"कुणी आणल्या गं?"

"मालकांनी. लई वर्सं झाली. आता पोळ्याला येणार हायेत. मनियारीण, माझा हिरवा चुडा भर."

पणजीनं दोन्ही हात भरून चुडा भरला आणि तिथून उठून थेट जुन्नरची कचेरी गाठली. पोळ्याच्या दिवशी पोलिसांनी घराला वेढा दिला. तो मागच्या दारानं भाताच्या खाचरात पळाला आणि तिथंच गोळी लागून पडला. बैलगाडीतून प्रेत जुन्नरला आणलं, तेव्हा पणजी गर्दीत पुढं उभी होती. तोंडावर कापड टाकेपर्यंत ती हलली नाही.

अब्बांनी लहानपणी तिला विचारलं होतं, "तिचा चुडा फुटणार, हे ठावं असून भरलास?"

"म्हणून तर भरला. माझ्याबी हातात व्हता की."

अब्बा हे सांगताना खाली बघायचे. मला कधी त्याची लाज वाटली नाही.

गेल्या वर्षी त्या वाडीतले दोघं दुकानात आले. "चाची, आमच्या पणजोबांच्या नावानं कमान बांधतोय. गरिबांचा वाली व्हता तो. तुमच्या भिंतीवर बॅनर लावू का?"

मी त्यांना सगळं सांगितलं. एकानं बॅनरची गुंडाळी काखेत मारली. दुसरा म्हणाला, "जुन्या गोष्टी सोडून द्या, चाची."

"तुमी कुठं सोडल्या? कमान बांधताय की."

ग्रामसभेच्या दिवशी मी एसटीनं वाडीत गेले. बोलू देईनात, तरी उभी राहिले आणि पणजोबांना कसं मारलं ते सांगितलं. मग मागून एक म्हातारी म्हणाली, "आमच्या आजेसासऱ्याचं घर त्यानंच जाळलं. आमी भिऊन बोललो न्हाई." आणखी दोघी बोलल्या. कमान झाली, पण तिच्यावर ग्रामदैवताचं नाव आलं.

सभा संपली तेव्हा दुकानात 'सोडून द्या' म्हणालेला तो पणतू पायरीवर एकटाच बसला होता. त्याचे डोळे भरलेले दिसले. मी मुद्दाम थांबून नीट पाहून घेतलं. परतीच्या गाडीत वाडीतलं कुणी माझ्या शेजारी बसलं नाही. तरी मला लई बरं वाटत होतं.