खाली करू?

दोन हजार तेवीस साल, आणि मला एकोणसत्तरावं लागलेलं. शाळा चौथीपर्यंत. पण सुरतेला उधन्यात चाळीस वर्षं साड्यांच्या गठाणी बांधल्या, आणि माझी गठाण वाटेत कधी सुटली नाही, हे आधी लिहून ठेवतो.

सून भेस्तानला घरी बसून कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं काढते. त्या वर्षी तिला पहिलंच मोठं काम मिळालं. केळीच्या पानांच्या नक्षीच्या बारा साड्या, पलसाण्याच्या एका मिलमध्ये छापायच्या. तिथल्या छपाईच्या कॉम्प्युटरला नेट नाही, म्हणून डिझाइन पेनड्राइव्हवर घालून हातानेच न्यावं लागतं.

"बाबा, फाइल फार मोठी होती. दाबून एकच झिप केलीय," ती म्हणाली.

"म्हणजे प्रेसखाली घालून गठाण बांधली. मग हे काम माझंच. आण इकडे."

"मिलचा कॉम्प्युटर आपल्यापेक्षा वेगळ्या जातीचा आहे. तिथे काही विचारलं तर आधी मला फोन करा."

"गठाण पोचवायला मी अजून कुणाला फोन केलेला नाही."

मिलमधला ऑपरेटर उत्तरेकडचा. त्याने पेनड्राइव्ह लावला आणि मान हलवली. "काका, इसमें कुछ दिखता नहीं. मशीन पूछती है, खाली करूँ?"

आता आमच्या सुरतेत ट्रकमधला माल उतरवायचा म्हणजे गाडी खाली करायची. चाळीस वर्षं रोज ऐकलेला शब्द. मी म्हटलं, "ट्रक के बाहर से गठान दिखती है क्या? खाली करने को ही तो लाया हूँ. कर."

त्याने केलं.

"माल कहाँ उतारा?" मी विचारलं.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "माल? काका, आपने बोला, मैंने सब मिटा दिया."

वर मिलच्या मॅनेजरने बजावलं, मशीन उद्या सकाळी नऊपर्यंत राखतो, मग दुसऱ्याचं काम चढेल. सुनेचं काम गेलं असतं ते माझ्या एका शब्दाने.

परतताना रिक्षात मी खोटं जुळवत होतो. पेनड्राइव्ह हरवला म्हणावं, तर तो खिशात टोचत होता. शेवटी सुनेला खरं ते सांगितलं. ती ओढणी तोंडाला लावून हसत बसली.

"मूळ फाइल घरातच आहे, बाबा. आणि चूक माझीपण आहे. पेनड्राइव्ह मी आपल्याच कॉम्प्युटरला वाचता येईल असा तयार केला होता. आता दोन्हीकडे चालेल असा करते. उद्या मीच जाते."

"गठाण माझ्या हातून सुटली. पोचवणारही मीच."

"आणि फोन?"

मी पाणी प्यायला उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेनड्राइव्हच्या दोरीला, गठाणीला शिवतात तशी, कापडाची चिठ्ठी शिवली. तिच्यावर शाईने लिहिलं: खाली नहीं करना, उतारना. साडेआठला ऑपरेटरपुढे उभा राहिलो आणि त्याने तोंड उघडायच्या आत सुनेला फोन लावून त्याच्या कानाला धरला. पडद्यावर केळीची पानं उघडली, तेव्हाच तो कानावरून काढला.