बाबांची अमेरिकेतली ड्यूटी

त्या खेळातली एकही शर्यत मी जिंकले नाही. जिंकले नाही म्हणजे लावलीच नाही. नागपूरच्या हॉस्टेलमधल्या मैत्रिणीने सीडी कॉपी करून दिली तेव्हाच बजावलं होतं, की शर्यती जिंकल्या तर नव्या गाड्या मिळतात, नाहीतर सुरुवातीला मिळालेली ती मरतुकडी निळी गाडीच चालवत बसशील. बसले चालवत. मला त्या खेळातलं वेगळंच काही आवडायचं. त्यात अमेरिकेतलं एक अख्खं शहर होतं आणि कुठेही जायला कुणाची ना नव्हती. शर्यतीच्या खुणा चौकाचौकात चमकत उभ्या असायच्या, मी त्यांना वळसा घालून निघून जायची. समुद्राकाठचा रस्ता, लांबलचक पूल, टेकडीवरचं जंगल, पुन्हा पूल. ब्रह्मपुरीत तेव्हा स्कूटीवरून वैनगंगेपर्यंत जायचं तरी तीन जणांना सांगून जावं लागे, आणि त्यातला एक जण हमखास म्हणे, काही गरज आहे का. त्या निळ्या गाडीला हे विचारणारं कोणी नव्हतं.

दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मी उन्हाळ्यात घरी आले होते. पुढच्या खोलीत टेबलावर माझा कॉम्प्युटर होता, मोठ्या खोक्यासारख्या मॉनिटरचा. आईने त्याला क्रोशाचं आच्छादन विणलं होतं आणि ते काढताना-घालताना देवघर उघडल्यासारखा तिचा चेहरा व्हायचा. लोडशेडिंगचे दिवस. दुपारी तीनला लाइट यायची, ती पाचला जायची, आणि मधेही कधी न सांगता जायची. तेवढ्यात माझी अमेरिका.

बाबा एसटीच्या लाल गाडीचे ड्रायव्हर. पहाटे पावणेसहाला खाकी घालून, डबा घेऊन निघायचे. ब्रह्मपुरीहून सिंदेवाही, मूल करत गोंडपिपरी, आणि तीच गाडी घेऊन परत. अडीचला घरी. अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि निवृत्तीला दोन उरली होती. घरात ते फार बोलायचे नाहीत. आई म्हणायची, दिवसभर इंजिनाचा आवाज ऐकून माणूस घरी काय ऐकणार नि काय बोलणार.

एके दिवशी ते खांद्यावर टॉवेल टाकून माझ्या मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ. मग म्हणाले, "हे का चालवून राह्यली तू? गिअर कुठी हाय?"

"गिअर नाही बाबा. बाणाची चार बटनं आहेत. वरचं दाबलं की पुढं."

"अन् हे मागून काऊन दिसून राह्यली गाडी? मी का क्लीनर हाओ, गाडीच्या मागं पळाले?"

मी बटन दाबून बोनेटवरून रस्ता दिसेल असं करून दिलं. ते खुर्चीत बसले, टॉवेलने कीबोर्ड पुसला आणि दोन्ही हात टेबलावर ठेवून तसेच थांबले. मी म्हटलं, दाबा. ते म्हणाले, "डबल बेल कोन देईल?" मला वाटलं गंमत करताहेत. पण ते खरंच थांबले होते. शेवटी मी त्यांच्या डाव्या हाताला स्टूल ओढून बसले, कंडक्टरसारखं पाण्याच्या ग्लासावर चमच्याने दोनदा टण टण केलं, आणि बाबांची गाडी अमेरिकेत निघाली.

निघाली ती थेट डाव्या बाजूने. पहिल्याच वळणावर समोरून आलेली मोटार छातीवर आदळली.

"अबे ए! झोपला का?" बाबा स्क्रीनवर ओरडले.

"बाबा, तिकडे उजव्या बाजूनं चालवतात."

"कोनं सांगितलं?"

"तिथला कायदाच तसा आहे."

"सारे मिळून चुकीच्या बाजूनं चालतेत, म्हणून मी बी चालू का?"

चार दिवस ते अमेरिकेशी असे भांडले. त्या गाडीला हॉर्न नाही हे कळल्यावर तर त्यांचा विश्वासच बसेना. मग वळणावळणावर ते तोंडाने हॉर्न द्यायचे, आमच्या गल्लीत ऐकू जाईल असा. लाल सिग्नल दिसला की थांबायचे, पाठीमागच्या गाड्या बाजूने सुसाट गेल्या तरी. त्या खेळात पोलीस वेगासाठी मागे लागत. बाबांचा काटा चाळीसच्या वर जात नसे, त्यामुळे पोलीस त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नसत. आणि टेकडीवरचं जंगल आलं की ते आणखी हळू करायचे. "इथी चितळं आडवे येतेत," म्हणायचे. मी सांगितलं, या जंगलात जनावरच नाही. ते म्हणाले, तुले दिसलं नसंन.

आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "रिकामी गाडी कायले फिरवता? एखादी सवारी तं घ्या!" आणि बाबा हसायचे. अठ्ठावीस वर्षं रोज तीच गाडी चालवून आलेला माणूस घरी येऊन पुन्हा गाडीच चालवायला बसतो, याचं मला हसू यायचं. पण त्या आठवड्यात बाबा माझ्याशी जेवढं बोलले तेवढं त्याआधी माझ्या सगळ्या जन्मात मिळून बोलले नसतील, आणि मी हावरटासारखी तीन वाजायची वाट पाहायची.

पाचव्या दिवशी त्यांनी हार मानली आणि गाडी उजवीकडून चालवू लागले. तरी आदळणं थांबेना. आता समोरून येणाऱ्या गाड्या डावीकडून जायच्या, आणि बाबा वळताना नेमके त्यांच्यावर जायचे. आम्ही हसायचो. जुनी खोड आहे, म्हणायचो.

मग ती दुपार. चौकात ते नियमाप्रमाणे थांबले होते. डावीकडून एक पांढरा ट्रक येत होता. इतका जवळ आला होता की पाव स्क्रीन त्यानेच भरली होती. बाबा म्हणाले, "रस्ता खाली हाय," आणि निघाले.

ट्रक आदळला. ते म्हणाले, "हा कुठून आला बे?"

मी हसले नाही. सवयीने गाडी चुकीच्या बाजूला जाते, हे ठीक. पण समोर उभा असलेला ट्रक सवयीने दिसेनासा होत नाही. मला एकेक आठवायला लागलं. जेवताना डाव्या हाताचा पाण्याचा ग्लास ते सारखे सांडत होते आणि आई त्यांना वेंधळे म्हणत होती. महिन्यापूर्वी स्टँडच्या फाटकाला गाडी घासली होती, तीही डावीकडूनच. डोळ्यांची तपासणी झाली होती तेव्हा पाटीवरची अक्षरं त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचली होती. समोरचं त्यांना माझ्यापेक्षा स्वच्छ दिसायचं.

ते पुन्हा चालवायला लागले होते. मी स्क्रीनच्या डाव्या कडेवर तळहात ठेवला, सपाट, पाचही बोटं पसरून. अर्धा रस्ता झाकला. बाबा पूल ओलांडून समुद्राच्या रस्त्याला लागले. हात काढ, असं ते म्हणतील म्हणून मी वाट पाहत राहिले. ते म्हणाले, "हा रस्ता चांगला बनवला यांनी."

तेवढ्यात लाइट गेली. मी हात काढून घेतला आणि चहा ठेवते म्हणून उठले. चहा उतू गेला तरी मला कळलं नाही.

सांगायला हवं होतं, त्याच संध्याकाळी. मी नाही सांगितलं. सांगितलं की त्यांची गाडी सुटणार. खाकी सुटणार. दोन वर्षं उरलेली असताना, स्वतःच्या पोरीच्या तोंडून, तेही एका खेळापायी. मी मनाला सांगितलं की मला डोळ्यांतलं काय कळतं, कदाचित थकले असतील, उद्या पाहू. दुसऱ्या दिवशी ते पावणेसहाला डबा घेऊन निघाले आणि मी अंथरुणात डोळे मिटून पडून राहिले. तसे आठ दिवस गेले.

ते आठ दिवस मी घड्याळाकडे पाहून काढले. आता सिंदेवाही आली असेल. आता मूलकडचं जंगल. रस्त्याच्या डाव्या कडेने शाळेत जाणाऱ्या मुली, सायकलवर मोळ्या बांधून चाललेली माणसं, मोहफुलं वेचून टोपली डोक्यावर घेतलेल्या बाया, सगळ्या नेमक्या डाव्या कडेनेच चालतात. गाडीत चाळीस माणसं. अडीचला फाटकाची कडी वाजली की मी ठरवायची, आज सांगायचं. मग ते हातपाय धुऊन शांतपणे जेवायला बसायचे आणि मी त्यांना भात वाढायची. खेळ त्यांनी सोडून दिला होता. उन्हानं थकलो, म्हणायचे. मला तेही बरंच वाटलं, इतकी मी भित्री.

नवव्या दिवशी आई शेजारी पापड लाटायला गेली होती. बाबा आंबा कापत होते. मी त्यांच्या समोर जाऊन बसले आणि म्हटलं, "बाबा, तुमाले डावीकडचं दिसत नाई."

त्यांनी फोड सोलून माझ्या हातात दिली. म्हणाले, "हो. नागपूरले जाऊ."

एवढंच. तुला कसं कळलं, हेही विचारलं नाही.

नागपूरच्या दवाखान्यात त्यांचं डोकं एका मोठ्या पांढऱ्या भांड्यासारख्या यंत्रात घालायला लावलं. कुठेही दिवा लुकलुकला की हातातलं बटन दाबायचं. बाहेर आल्यावर म्हणाले, "तुया गेमपेक्षा बेकार हाय हे." यंत्रातून निघालेल्या कागदावर डावा भाग काळा होता. डॉक्टरबाईंनी काचबिंदू सांगितला. डावा डोळा बराचसा गेलेला, उजव्याची नाकाकडची बाजू गेलेली. गेलं ते येणार नाही, पण रोज नेमाने थेंब घातले तर उरलेलं राहील. गाडी मात्र आजपासून बंद. बाबांनी थेंबांची बाटली खिशात ठेवली आणि, सवारी उतरवताना म्हणतात तशा आवाजात, म्हणाले, "ठीक हाय बाई."

परतीच्या गाडीत ते डावीकडच्या खिडकीपाशी बसले, अख्खी मान बाहेर वळवून. उमरेड गेलं, भिवापूर गेलं. नागभीडच्या अलीकडे मला राहवेना. मी रडायला लागले आणि सगळं बोलून टाकलं. मला आधीच कळलं होतं, मी आठ दिवस गप्प बसले, त्या आठ दिवसांत रस्त्यावर कोणाचं काही झालं असतं तर मी काय केलं असतं.

बाबांनी मान आत वळवली. "ते आठ दिवस मी गाडी चालवलीच नाई," ते म्हणाले.

"म्हणजे?" मी विचारलं.

"तू चहा ठेवाले गेली. लाइट नोती, काच काळी झाली होती. खुर्ची मागं करून उठलो तं काचेवरच्या धुळीत पंजा दिसला. पाच बोटं. म्हटलं, हे पोट्टीनं कवा ठेवलं? माह्या डोळ्यासमोर ठेवलं, अन् मले पत्ता नाई." ते म्हणाले. "तवाच समजलं. दुसऱ्या दिवशी जाऊन रजा टाकली."

"मग खाकी घालून, डबा घेऊन कुठी जात होते तुमी?"

"त्याच गाडीनं. गोंडपिपरी. सवारी म्हणून बसून जाओ, अन् वापस येओ."

"मले सांगितलं काऊन नाई?"

"तुयी सुट्टी खराब झाली असती," बाबा म्हणाले. "म्हटलं, हे नागपूरले गेली का मंग पाहू."

म्हणजे आठ दिवस मी गप्प बसून चाळीस माणसांचा जीव वाऱ्यावर सोडला होता, हे खरंच होतं. फक्त माझ्या बापाने त्यातल्या एकाचाही केस वाकडा होऊ दिला नव्हता, आणि वर माझी सुट्टीही सांभाळली होती. मी त्यांचा हात धरला. लहानपणी धरला होता त्यानंतर तेव्हाच. स्टीअरिंग धरून धरून त्याला घट्टे पडले होते.

"अठ्ठावीस वर्षं त्या रस्त्यानं गेलो," ते म्हणाले, "पण नजर सारी रस्त्यावर. या आठ दिवसांत खिडकीतून पाह्यलं. मूलच्या पुढं झाडाआड येक तळं हाय. कमळं हायेत त्याच्यात. मले माहीतच नोतं."

मग त्यांनी मान पुन्हा खिडकीकडे वळवली आणि माझा हात तसाच राहू दिला.

"येकदा चाल," म्हणाले, "दिसते तवरी तुले दाखवतो."