गाडीचा तिसरा मालक

सोपान गेल्याचं मला न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यावर कळलं. अर्धी दाढी झाली होती. गळ्याभोवती कापड, एका गालावर साबण, आणि दिगंबर वस्तऱ्याचं पातं बदलता बदलता म्हणाला, "सोपानचं लई वाईट झालं, गुरुजी." मी विचारलं, काय झालं? त्याचा हात थांबला. "तुमाला म्हाईत न्हाय? गेला की. आज तिसरा दिस." सोपानचं घर माझ्या घरापासून चार गल्ल्या पलीकडं. आमची ओळख पन्नास वर्षांची. तरी त्याच्या घरून मला निरोप आला नव्हता. का आला नव्हता, हे दिगंबरलाही ठाऊक असावं. राहिलेली अर्धी दाढी त्यानं भराभर उरकली.

आमचं गाव सोलापूर-हैदराबाद रस्त्याच्या जरा आत, नळदुर्ग आणि अणदूरच्या मधे. सोपान आणि मी सातवीपर्यंत एका वर्गात होतो. पुढं मी आबासाहेबांच्या संस्थेत शिक्षक झालो आणि सोपान आबासाहेबांचा ड्रायव्हर. आबासाहेब म्हणजे गावातले सगळ्यात मोठे जमीनदार. शाळा त्यांची, कॉलेज त्यांचं. त्यांनी सोलापूरच्या एका डॉक्टरांकडून जुनी अ‍ॅम्बॅसेडर घेतली, ती आणायला सोपानच गेला होता. डॉक्टर म्हातारे, गाडीवर जीव असलेले. किल्ली त्यांनी आबासाहेबांच्या हातात दिली, पण बोलले सोपानशी. "सकाळी हिला लगेच पळवू नकोस. जरा गरम होऊ दे, मग ऐकते." हे वाक्य सोपान आयुष्यभर सांगत राहिला. एका डॉक्टरनं आपल्याशी माणसासारखं बोलावं, याचं त्याला फार अप्रूप होतं. सव्वीस वर्षं त्यानं ती गाडी चालवली. स्टेअरिंगजवळचा तिचा गिअर दुसऱ्या कुणाच्या हाताला नीट लागायचा नाही. या सव्वीस वर्षांत मागच्या सीटवर तो एकदाही बसला नाही. ती सीट तो फक्त पुसायचा.

त्याची बायको शांता पहिल्यांदा बाळंत होणार होती ते वर्ष मला आठवतं. कळा दुपारीच सुरू झाल्या आणि सुईणीनं हात टेकले. नळदुर्गच्या दवाखान्यात न्यायला गाडी मागायला सोपान वाड्यावर गेला. गाडी अंगणातच उभी होती. आबासाहेबांनी आदल्या दिवशीच सीटला नवी कव्हरं घातली होती... ते एवढंच म्हणाले, "कव्हरं खराब होतील रे. बैलगाडी घे." मी तेव्हा संस्थेच्या हिशेबाचे कागद घेऊन ओसरीवर बसलो होतो, सगळं ऐकत होतो. सोपाननं पुन्हा विचारलं नाही. नळदुर्गच्या अलीकडंच, बैलगाडीत मूल झालं, आणि ते रडलंच नाही. मुलगा होता. सातव्या दिवशी सोपान कामावर परत आला आणि त्यानं गाडी धुतली. शांताला पुन्हा मूल झालं नाही.

आबासाहेब थकले तेव्हा गाडीही थकली होती. मुलांनी दुसऱ्या गाड्या घेतल्या, ही गोठ्यामागं पडून राहिली. एका सकाळी आबासाहेबांनी सोपानला बोलावलं, मलाही बोलावलं. त्यांचा आवाज बसला होता. गाडीच्या नोंदणीचं जुनं पुस्तक आणि किल्ली सोपानच्या हातात ठेवून म्हणाले, "ही तुझी. घेऊन जा." मग माझ्याकडं वळले. "गुरुजी, तुम्ही ऐकलंत ना?" मी म्हणालो, ऐकलं. गाडी का दिली हे कुणी बोललं नाही, पण त्या खोलीत तिघांनाही ते माहीत होतं. नाव बदलायला पुढच्या आठवड्यात जाऊ, असं ठरलं. त्या आठवड्यात त्यांना अर्धांगवायू झाला आणि महिन्याभरात ते गेले. नाव बदलायचं राहून गेलं. थोरला मुलगा तेव्हा हसून म्हणाला होता, "ने बाबा, तेवढीच जागा मोकळी होईल."

पुढची नऊ वर्षं सोपान त्या गाडीसाठीच जगला. घरामागं त्यानं पत्र्याचं शेड उभं केलं. रस्त्यावरच्या ढाब्यावर जाऊन हैदराबादकडच्या ट्रकवाल्यांना तो एकेका भागाचा नमुना द्यायचा. कुणी दोन महिन्यांनी कार्बोरेटरचं किट आणायचा, कुणी दाराची कडी. पत्रा त्यानं स्वतः घासला, दुधी रंग स्वतः मारला. गाडी पहिल्यांदा चालू झाली त्या दिवशी त्यानं शांताला मागच्या सीटवर बसवलं. मी तिथंच होतो. दार उघडून धरत तो म्हणाला, "बोला बाईसाहेब, कुठं न्यायचं?" ती लाजून चूर झाली. "येक चक्कर मारा आन् उतरवा मला. भाकरी ऱ्हायल्यात." त्यानं तिला अणदूरच्या खंडोबापर्यंत नेऊन आणलं. देवळात दोघंही गेले नाहीत. बाहेर झाडाखाली बसून चहा प्यायले आणि आले. शांताच्या तोंडावरचं तसं हसू मी आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

मग आबासाहेबांचा नातू पुण्याहून आला. जुन्या गाड्यांना आता मान आहे, त्यांची प्रदर्शनं भरतात, हे त्याला कळलं होतं. सुरुवातीला तो गोड बोलला. "काका, आजोबांची आठवण आहे ती." सोपान नाही म्हणाला. तेव्हा नातवानं आरटीओतून नोंदणीचे कागद काढून आणले. गाडी अजून आजोबांच्याच नावावर होती. संस्थेच्या ऑफिसात बैठक बसली. गावातली चार माणसं, नातू, त्याचे वडील, आणि दाराजवळ उभा सोपान. त्याला कुणी बस म्हणालं नाही. तो म्हणाला, "मालकांनी म्या मागितली नसताना दिली. गुरुजी हुते तिथं. त्यांना इचारा." सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझा मुलगा संस्थेच्या कॉलेजात सहा वर्षं तात्पुरत्या नोकरीवर होता आणि त्या जूनमध्ये कायम व्हायचा होता. हे मी सबब म्हणून लिहीत नाही. फक्त झालं ते लिहितो. मी म्हणालो, "बरीच वर्षं झाली... नीट आठवत नाही."

सोपाननं माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता त्याच्या नजरेत. एखाद्याला अचानक ऐकू येईनासं व्हावं तसा तो बघत होता. मग त्यानं खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. पण गाडी नेताना नातवाला ती चालूच करता येईना. तेव्हा सोपाननंच खिडकीतून वाकून त्याला चोक कसा ओढायचा ते दाखवलं. "जरा गरम होऊ द्या, मग ऐकते," म्हणाला.

पुढच्या हिवाळ्यात नातवाचं लग्न झालं. नवरदेवाची वरात त्याच गाडीतून काढायची ठरली आणि गिअर कुणाच्याच हाताला बसेना, तेव्हा सोपानला निरोप गेला. मला वाटलं, तो जाणार नाही. तो गेला. मी विचारायला नको होतं, तरी विचारलं. म्हणाला, "त्यांच्या हाती गिअर घासून मरंल की ती, गुरुजी." मांडवापाशी फोटो काढणाऱ्यानं त्याला सांगितलं, "ड्रायव्हर, जरा बाजूला व्हा, गाडी पूर्ण येऊ द्या." सोपान बाजूला झाला. त्याला पान मागच्या बाजूला, बँडवाल्यांच्या पंगतीत वाढलं. मी पुढच्या पंगतीत होतो.

याहून वाईट एक गोष्ट आहे. नातवाला प्रदर्शनासाठी गाडीचा इतिहास लिहून हवा होता, आणि मी मराठीचा शिक्षक. मी एक पान लिहून दिलं. आबासाहेबांनी गाडी कशी हौसेनं आणली, कशी जपली, नातवानं ती कशी पुन्हा उभी केली... सोपानचं नाव त्यात कुठंच नाही. ते पान काचेखाली लावून गाडीशेजारी ठेवलं होतं म्हणे. वाचणाऱ्यांनी भाषेचं कौतुक केलं, असं नातवानं मला फोन करून सांगितलं. माझा मुलगा तोवर कायम झाला होता.

त्यानंतर दोन वर्षं सोपान मला रोज भेटत होता. बसथांब्यावर, गिरणीत, दवाखान्याच्या रांगेत. दर वेळी "जयभीम, गुरुजी," आणि तब्येतीची चौकशी. त्या दिवसाबद्दल तो एक शब्दही बोलला नाही. त्यानं मला चार लोकांत शिव्या दिल्या असत्या, तर मी सुटलो असतो. त्यानं मला तेवढं दिलं नाही.

दिगंबरच्या दुकानातून उठून मी थेट त्याच्या घरी गेलो. शांता दारात बसली होती. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. तो कसा गेला, तेवढं तिनं सांगितलं. सकाळी शेडात गेला, तिथंच भिंतीला टेकून बसला, चहा घेऊन ती गेली तेव्हा मान कलली होती. गाडी नेल्यापासूनही तो रोज त्या रिकाम्या शेडात पाणी शिंपडायचा आणि केर काढायचा. मी आत गेलो. जमीन ओलसर होती. आता ती शिंपडत असावी.

समोरच्या भिंतीवर लाल रंगात काही लिहिलेलं होतं. अक्षर सोपानचं, सातवीतलंच, मात्रा लांब ओढलेल्या. शांता मागं येऊन उभी राहिली. "मला वाचता येत न्हाय," ती म्हणाली. "गाडी आली त्या साली लिवलंय त्यांनी. वाचा की, गुरुजी."

मी वाचलं. पहिले मालक, डॉक्टरसाहेब, सोलापूर. दुसरे मालक, आबासाहेब. तिसरा मालक, सोपान मारुती. गाडी मालकांनी सोताच्या हातानं दिली.

मी थांबलो.

"वळी पाच हायत," शांता म्हणाली. "तुमी चार वाचल्या."

पाचवी ओळ होती, साक्षीदार. पुढं माझं पूर्ण नाव, मागं गुरुजी लावून. ती मी वाचली. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, पण तिला आला.

"गाडी नेली तवा म्या म्हणलं हुतं, ती वळ तरी पुसा," ती म्हणाली. "न्हाय म्हणले. ऱ्हाऊ दे, खरं हाय ते."